सागाला सावली देणारी भट्टी

नागपुरात लाकूड वाळवण्याच्या सौर भट्टीचा विषय काढला, की धंद्यातला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: मे महिन्यात अख्खं शहरच भट्टी असतं, मग आणखी एक कशाला बांधायची? प्रश्न रास्त आहे. नवतप्यात पारा ४५ अंशांना टेकतो, दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि वारा असा कोरडा वाहतो की ओठ फुटतात. एवढं फुकटचं ऊन असताना चार भिंती आणि काचेचं छप्पर यांवर खर्च कोण करणार?

उत्तर थोडं उलटं आहे. नागपुरात सौर भट्टी लागते ती लाकूड तापवायला कमी आणि उन्हापासून वाचवायला जास्त. उघड्यावरचं ऊन किती, कधी आणि कुठून लागावं हे आपल्या हातात नसतं. भट्टीत ते येतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा उघड्यावर काहीच वाळत नाही, तेव्हा तीच भट्टी खऱ्या अर्थानं भट्टी होते.

माल तर आपल्याकडे नावाजलेला आहे. जुन्या मध्य प्रांताच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आजही ज्याला ‘सी.पी. टीक’ म्हणतात तो साग आलापल्ली, सिरोंचा या गडचिरोलीच्या जंगलांतून येतो, बल्लारशाच्या आगारात त्याचे लिलाव होतात, आणि त्यातला बराच नागपुरातल्या लकडगंजच्या आरा मशिनींवर चिरला जातो. मे २०२३मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून साग गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारशाहून सागाची मिरवणूक निघाली. पण लाकूड कितीही नामांकित असलं, तरी त्यातली ओल जिथे ते बसणार तिथल्या हवेशी जुळलेली नसेल तर दार दिल्लीतही अडकतं आणि अयोध्येतही.

ही ओल मोजायची रीत एकदा नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. फळीच्या टोकापासून निदान फूटभर आत जाऊन बोटभर रुंदीचा आडवा तुकडा कापायचा. टोकाचा तुकडा घेऊन उपयोग नाही, टोक नेहमी आधी वाळलेलं असतं. भुसा झटकून तुकडा लगेच तोलायचा. समजा ८४ ग्रॅम भरला. मग तो १०३ अंशांवरच्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा. आता ५६ ग्रॅम भरला, तर गेलेलं पाणी २८ ग्रॅम. ते भागायचं कोरड्या वजनानं, ओल्या वजनानं नव्हे. म्हणजे ओल ५० टक्के. या हिशेबात काही हलक्या लाकडांची ओल शंभर टक्क्यांच्या वरही जाते. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचा अर्थ इतकाच की लाकडाच्या स्वतःच्या वजनापेक्षा त्यातलं पाणी जास्त आहे.

हे पाणी लाकडात दोन ठिकाणी असतं. एक, पेशींच्या पोकळ्यांमध्ये साठलेलं, आणि दुसरं, पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेलं. आधी पोकळीतलं जातं. ते जाताना लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. ओल २८-३० टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतलं पाणी निघू लागतं. खरी भानगड इथून सुरू होते, कारण भिंतीतलं पाणी गेलं की भिंत आकसते.

आकसणंही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ शून्य. गाभ्याकडून सालीच्या दिशेला, म्हणजे त्रिज्येत, सागासाठी अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि वर्तुळांच्या कडेकडेनं, म्हणजे परिघात, त्याच्या दुपटीहून जास्त, पावणेसहा टक्क्यांपर्यंत. परीघ जास्त आकसायला बघतो आणि त्रिज्या तेवढी आत येत नाही, मग गोल ओंडक्याला कुठेतरी फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नागपूरकरांना याचा नमुना तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलात सापडेल. बैल जर मधोमध गाभा असलेल्या कच्च्या ठोकळ्यातून कोरला असेल, तर त्याला पाठीपासून पोटापर्यंत एक तरी उभी भेग पडतेच. कारागिराच्या हातात त्यावर रंग आणि लांबी भरण्यापलीकडे काही नसतं. दोष ठोकळ्याच्या भूमितीत असतो. फळीतही हाच हिशेब वेगळ्या रूपात दिसतो. ओंडक्याच्या कडेनं चिरलेली फळी वाळताना पन्हाळीसारखी वाकते, तर मध्यातून निघालेली बऱ्यापैकी सरळ राहते.

लाकूड पूर्ण कोरडं करणं हे मात्र ध्येय नव्हेच. लाकूड आयुष्यभर हवेतून ओल घेतं आणि सोडतं. मेच्या दुपारी ४० अंश आणि वीस टक्के आर्द्रतेच्या हवेत पडलेली फळी चार-पाच टक्क्यांकडे जायला बघते. ऑगस्टच्या दमट हवेत तीच सतरा-अठरा टक्क्यांकडे. घरातल्या, पॉलिश केलेल्या लाकडात हा झोका इतका मोठा नसतो, तरी सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. परिघी चिरलेल्या सागाच्या फळ्या जोडून तीन फूट रुंदीचा टेबलाचा पाट केला, तर तेवढ्या फरकानं तो एक सेंटीमीटर कमी-जास्त होतो. तो पाट मेमध्ये सहा टक्क्यांवर जोडला आणि चौकटीत घट्ट बसवला, तर ऑगस्टमध्ये चौकट फोडेल. ऑगस्टमध्ये सोळा टक्क्यांवर जोडला, तर पुढच्या एप्रिलमध्ये फटीतून उजेड दिसेल. भारतीय मानक आयएस २८७मध्ये वार्षिक सरासरी आर्द्रतेवरून देशाचे चार पट्टे पाडून कोणत्या कामाला किती ओल चालेल ते सांगितलं आहे. दारं-खिडक्यांसाठी जाडी आणि पट्ट्याप्रमाणे ते आकडे ८ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान आहेत. पण नागपूरची वार्षिक सरासरी ही दोन वेगळ्या शहरांची सरासरी वाटावी अशी आहे. मेचं नागपूर आणि ऑगस्टचं नागपूर यांचं एकमेकांशी नातं नाही. म्हणून आपल्याकडच्या फर्निचरला मधला, दहा-बारा टक्क्यांचा मुक्काम मानवतो, आणि मेमध्ये तो ओलांडून खाली जाणं हीही चूकच ठरते.

आता उघड्यावरच्या उन्हाकडे येऊ. भट्टीवाले हवेची वाळवण्याची ताकद दोन थर्मामीटरवर मोजतात. एक साधा, दुसऱ्याच्या गोळ्यावर ओल्या मलमलीचा पट्टा. पट्ट्यातलं पाणी उडतं, म्हणून तो थर्मामीटर खाली वाचतो. नागपूरच्या मे दुपारी साधा ४३ दाखवत असेल तर ओला २३च्या आसपास असतो. फरक वीस अंशांचा. ऑगस्टमध्ये साधा २७, ओला २५, फरक दोन. घरोघरच्या वाळ्याच्या कूलरचं गणितही नेमकं या फरकावर चालतं, म्हणूनच तो मेमध्ये खोली गारेगार करतो आणि ऑगस्टमध्ये नुसता ओलसर वारा फेकतो. लाकडाची पसंती कूलरपेक्षा वेगळी आहे. नुकत्याच चिरलेल्या ओल्या सागाला सुरुवातीला तीन-चार अंशांचा फरक पुरतो. त्याच्यावर वीस अंश फरकाची लू सोडली, की पृष्ठभाग दोन दिवसांत हाडासारखा कोरडा होतो आणि आत अजून पन्नास टक्के ओल असते. वरचा थर आकसायला बघतो, आतला हलत नाही, वरचा ताणला जाऊन फाटतो. बारीक केसाएवढ्या भेगा आधी पडतात, मग टोकांना मोठ्या फाकी. ज्या फळ्या फाटत नाहीत त्या आणखी घातक, कारण त्यांचा वरचा थर ताणलेल्या अवस्थेत अडकून बसतो. पुढे आतला भाग वाळून आकसायला लागला, की हा आखडलेला वरचा थर त्याला आडवा येतो आणि फळी आतून ताणात जखडली जाते. वरून गुळगुळीत, सरळ, विकायला योग्य. आणि सुतारानं ती मधून चिरली की दोन्ही भाग आत वळून करवतीचं पातं आवळतात.

सगळी लाकडं अशी नाजूक नाहीत. आयएस ११४१ या मानकात वाळवण्याच्या दृष्टीनं तीन वर्ग आहेत. ऐन, धावडा, साल ही वाळवायला अतिशय अवघड; साग मधल्या वर्गात; आंबा आणि सावर सोपी. आंब्याला किंवा सावरीला खरं भय भेगांचं नसून बुरशीचं असतं, त्यांना लवकर वाळवलं नाही तर निळे-काळे डाग पडतात. म्हणजे एकाच भट्टीत आंबा आणि ऐन एकत्र घातले तर एकाचं भलं करताना दुसऱ्याचा नाश होणार. हे नियमांत पहिलं लिहायला हवं: एका खेपेला एक जात आणि एक जाडी. जाडीचा परिणाम तर जातीएवढाच मोठा. अमेरिकेत पांढऱ्या ओकच्या एक इंची फळीची ओल दिवसाला जास्तीत जास्त अडीच टक्के उतरू द्यावी असा दंडक आहे, आणि दोन इंची फळीची फक्त एक टक्का.

उन्हावर चालणारी भट्टी ही बाहेरून आलेली नवलाई नव्हे. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६पासूनची. तिथल्या रेहमान आणि चावला यांनी सौर ऊर्जेनं इमारती लाकूड वाळवण्यावरचं काम १९६१ साली प्रसिद्ध केलं. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वन उत्पादन प्रयोगशाळेतलं असंच काम त्याच सुमाराचं. म्हणजे जगात हा विषय सुरू झाला तेव्हा भारत पहिल्या रांगेत होता. पुढे साठ वर्षांत ही भट्टी प्रत्येक आरा मशिनीच्या मागे का दिसू नये, याचं माझ्या मते कारण तंत्रात नाही; ते वेळेच्या हिशेबात आहे, त्याकडे शेवटी येतो.

रचना साधी आहे. दक्षिणेकडे उतरतं पारदर्शक छप्पर, उरलेल्या तीन बाजू आणि जमीन उष्णतारोधक, छपराखाली मॅट काळ्या रंगाचा नालीदार पत्रा. पत्रा आणि छप्पर यांच्यामधली हवा तापते, पंखे ती ढकलतात, ती लाकडाच्या थप्पीतून आडवी जाते, पुन्हा पत्र्यावर येते. उत्तरेच्या भिंतीत वर आणि खाली झडपा, ओली हवा बाहेर आणि कोरडी आत घ्यायला. आतल्या भिंतींना बाष्परोधक रंग, नाहीतर भट्टीची भिंतच लाकडातलं पाणी पीत बसते. छपराला काच चांगली, पण विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीचा नेम नाही. अतिनील किरणं झेलणारी दुपदरी पॉलिकार्बोनेट शीट इथे शहाणपणाची. उतार किती ठेवावा याचं उत्तरही नागपूरचं वेगळं. शहर २१ अक्षांशावर आहे. मे अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, तर डिसेंबरात तो जेमतेम ४५ अंशांवर चढतो. छप्पर तीस-पस्तीस अंश उतरतं ठेवलं, तर हिवाळ्यातलं ऊन त्यावर जवळजवळ सरळ पडतं आणि मेचं तिरपं. जिथे मेमध्ये उष्णता जास्तच होणार आहे तिथे हे नुकसान फायद्याचं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे छप्पर आणि लाकूड यांचं प्रमाण. व्हर्जिनिया टेकमधल्या युजीन वेंगर्ट यांनी लहान उद्योगांसाठी जी भट्टी लोकप्रिय केली, तिचा नियम असा: दहा बोर्डफूट लाकडामागे एक चौरस फूट उष्णता गोळा करणारा पृष्ठभाग. आपल्या मापात एका घनमीटरला साधारण चार चौरस मीटर. यापेक्षा छप्पर मोठं केलं की भट्टी जास्त तापते आणि लाकूड फाटतं. म्हणजे उन्हाचा लगाम छपराच्या मापातच बांधलेला आहे. त्याला संगणक लागत नाही आणि चोवीस तास राखणदारही लागत नाही. उलट अर्धी भरलेली भट्टी पूर्ण भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण तितकीच उष्णता निम्म्या लाकडावर येते. लाकूड कमी असेल तर छपराचा काही भाग झाकावा.

आणि मग रात्र. वाफेच्या मोठ्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात, म्हणून त्यांत अधूनमधून मुद्दाम वाफ सोडून लाकडाचा ताण उतरवावा लागतो. सौर भट्टीत हे काम सूर्यास्त करतो. दिवसभर ५० अंशांवर असलेली, चाळीस टक्के आर्द्रतेची बंद हवा रात्री ३२ अंशांवर उतरली, की ती जवळजवळ संपृक्त होते. फळीचा वरचा थर थोडं पाणी परत घेतो, आतलं पाणी तेवढ्यात बाहेरच्या बाजूला सरकतं, दोघांतलं अंतर कमी होतं. सकाळी पुन्हा ऊन. म्हणून सौर भट्टीतून निघालेल्या लाकडात आतले ताण कमी असतात. ज्याला आपण तिची मर्यादा म्हणतो, की ती रात्री बंद पडते, तोच तिचा मोठा गुण आहे. पंखे छोट्या सौर पॅनेलवर जोडले तर हे आपोआपच जमतं: ऊन चढलं की पंखा चढतो, मावळलं की थांबतो.

किती दिवस लागतील, याचा अंदाज कागदावर काढता येतो. समजा बारा चौरस मीटर छपराची भट्टी आणि आत तीन घनमीटर, म्हणजे शंभरएक घनफूट साग. एका घनमीटर सागात कोरडं लाकूड सुमारे ५५० किलो. ओल पन्नासवरून बारा टक्क्यांवर आणायची तर प्रत्येक घनमीटरमधून दोनशे लिटरहून जास्त पाणी काढायचं. तीन घनमीटरमधून सव्वासहाशे. एक किलो पाण्याची वाफ करायला २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे सगळ्याला मिळून चारशेवर युनिट उष्णता. नागपुरात वर्षाच्या सरासरीनं चौरस मीटरला दिवसाला पाच-साडेपाच युनिट ऊन मिळतं. बारा चौरस मीटरवर पासष्ट युनिट. त्यातला तिसरा हिस्सा कामी आला तर दिवसाला बावीसेक. भागाकार एकोणीस दिवसांचा येतो. प्रत्यक्षात सुरुवातीला हात आखडता ठेवावा लागतो आणि शेवटचे काही टक्के हट्टी असतात, म्हणून इंची फळीला महिनाभर धरावा. मोकळ्या शेडमध्ये तेच काम काही महिने घेतं, आणि पावसाळा मध्ये आला तर पुरं होतच नाही.

थप्पी लावणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात निर्णायक काम. अर्धी भट्टी थप्पीतच जिंकली किंवा हरली जाते, आणि आपल्याकडे ते काम सगळ्यात कमी रोजावरच्या माणसाकडे असतं. प्रत्येक थराखाली इंच जाडीच्या, अगदी एकसारख्या रंधलेल्या कोरड्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत दीड-दोन फुटांचं अंतर. सगळ्यात खालच्या पट्टीपासून सगळ्यात वरच्या पट्टीपर्यंत एकच उभी रेष आली पाहिजे. एक पट्टी चार बोटं सरकली तर वरच्या सगळ्या थरांचं वजन तिथे फळीला वाकवत राहतं, आणि वाळताना लाकूड जो बाक घेतं तो कायमचा घेतं. पट्टी ओली असेल तर तिच्याखाली डाग उमटतो. फळ्यांची टोकं पट्टीबाहेर लोंबू द्यायची नाहीत. वर सिमेंटचे ठोकळे ठेवायचे, नाहीतर वरचे दोन-तीन थर पीळ खातात. आणि चिराई झाली की त्याच दिवशी टोकांना मेण किंवा डांबर फासायचं. लाकडातून पाणी लांबीच्या दिशेनं कित्येक पटींनी वेगानं निघतं, म्हणून टोकं उघडी राहिली की फाक तिथून सुरू होऊन हातभर आत जाते. हे डांबर फासायला फळीमागे काही पैसे लागतात. न फासल्यास दोन्ही टोकांचं फूट-फूटभर लाकूड तोडून टाकावं लागतं.

थप्पीच्या वरून, खालून आणि बाजूंनी पडदे लावायला लोक विसरतात. हवेला सोपी वाट मिळाली की ती थप्पीला वळसा घालून जाते. पंखा फिरतो, भट्टी तापते, लाकूड ओलंच. फळ्यांमधून सेकंदाला मीटरभर वेगानं हवा जायला हवी. धाग्याचा तुकडा धरून पाहिलं तरी कुठे वारा पोचत नाही ते कळतं.

मेमध्ये भरलेल्या खेपेला पहिले काही दिवस झडपा जवळजवळ बंद ठेवायच्या. लाकूड स्वतःच्याच वाफेत बसलं की हवा दमट राहते आणि पृष्ठभाग मऊ. दोन थर्मामीटरमधला फरक फारच वाढला तर जमिनीवर पाणी शिंपडायचं. वाळवायच्या भट्टीत पाणी मारताना पाहून शेजारी हसतील, हसू द्यावं. ओल तीस टक्क्यांच्या खाली उतरली की झडपा हळूहळू उघडायच्या. यासाठी थप्पीत दोन-तीन नमुना फळ्या अशा ठेवायच्या की त्या रोज बाहेर काढून तोलता येतील. खिशातला सुया टोचायचा ओलमापक तीस टक्क्यांच्या वर भरवशाचा नाही, तराजू असतो.

ऑगस्टचं गणित वेगळं. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता; उघड्यावरची थप्पी वाळण्याऐवजी बुरशी धरते. तीच हवा भट्टीत १३ अंशांनी तापवून ४० केली, तर तिच्यातलं बाष्प तेवढंच राहून आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते, आणि त्या हवेत लाकूड सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. पण झड लागली की आठवडा-आठवडा ऊन नाही. इथे सौर भट्टीला जोड लागते. आरा मशिनीला तर जळण विकत घ्यायला नको: भुसा आणि चिपाट्या रोज निघतात. बाहेर शेगडी, त्यावर पाणी तापवणारी टाकी, आणि गरम पाण्याचे नळ भट्टीत फिरवलेले. धूर किंवा ज्वाळेची हवा थेट लाकडावर सोडायचा मोह टाळायचा. ढगाळ दिवसांत ही जोड तापमान फक्त पस्तीस-चाळीसला टेकवून ठेवते, बाकी काम उन्हावर सोडते.

जोडीचा आणखी एक उपयोग किडीसाठी. सागाचा गाभा कीड सहसा धरत नाही. पण महाराष्ट्र वनविकास महामंडळासारख्यांच्या रोपवनांतून विरळणीत निघणारा बारीक साग कोवळा असतो, त्यात सालीजवळचा पांढरा भाग जास्त. तो भाग पिठासारखा भुसा पाडणाऱ्या भुंगेऱ्यांना आवडतो. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे तो लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग तीस मिनिटं. सौर भट्टीतली हवा मेमध्ये ५६च्या वर जाते, पण हवा आणि फळीचा गाभा यांत फरक असतो, आणि डिसेंबरात तर ती तिथवर पोचतच नाही. म्हणून शेवटच्या दिवशी शेगडी पेटवून, फळीत भोक पाडून सुई खुपसलेल्या थर्मामीटरवर खात्री करून घ्यावी. वाळवीपासून मात्र वाळवल्यानं कायमचं संरक्षण मिळत नाही, ती ओल बरोबर घेऊन येते.

सुरक्षेचं म्हणाल तर लाकूड साठ अंशांवर स्वतःहून पेटत नाही. आग लागते ती वायरिंगच्या ढिल्या जोडातून, भुशानं माखलेल्या मोटारीतून किंवा शेगडीच्या ठिणगीतून. साध्या पंख्याची मोटार ५५ अंशांच्या दमट हवेत फार दिवस टिकत नाही. एकतर उष्णता सोसणाऱ्या वेष्टनाची घ्यावी, किंवा मोटार बाहेर ठेवून नुसता दांडा आत न्यावा. थप्पी भरण्याआधी जमीन झाडून भुसा काढावा. शेगडी आणि भट्टी यांत मोकळी जागा, हाताशी पाणी आणि वाळू. रिकामी भट्टी मेमध्ये झडपा बंद करून सोडू नये. लाकडातलं पाणी उडताना जी उष्णता खर्च होते ती उरली नाही, की पारा सत्तरीकडे जातो आणि पंख्यांसकट छप्पर वाकतं. आणि माणूस. नमुना फळ्या सकाळी, ऊन चढायच्या आत काढाव्यात. दार आतून उघडणारं असावं. दमट हवेत पन्नास अंश म्हणजे घाम वाळतच नाही; तिथे दुपारी दहा मिनिटंही एकट्यानं काम करू नये. रासायनिक प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर झडपांतून येणारी वाफ कामगारांच्या तोंडावर येणार नाही अशी दिशा ठरवावी, आणि त्याच्या चिपाट्या शेगडीत घालू नयेत.

खेप तयार झाली का, हे ओलीच्या आकड्यावरून अर्धंच कळतं. उरलेलं करवत सांगते. फळीच्या मधून बोटभर रुंदीचा आडवा काप घ्यायचा आणि त्याचा मधला भाग काढून काट्यासारखे दोन दात ठेवायचे. दात सरळ राहिले तर उत्तम. ताबडतोब आत वळले तर फळीत ताण आहे, ती चिरताना पातं आवळणार. लगेच सरळ, पण दुसऱ्या दिवशी आत वळले तर आत अजून ओल आहे, आणखी चार दिवस ठेवा. ग्राहकानं दुकानात ‘सिझन केलेलं आहे का’ असं विचारण्यापेक्षा हा काप मागावा. सुतार टिचकीच्या आवाजावरून आणि तळहातावरच्या गारव्यावरून सांगतात तेही बरंचसं खरं असतं, फक्त तेवढ्यानं आतला ताण कळत नाही.

आता वेळेचा हिशेब. वाफेची भट्टी इंची सागाला आठवडा-दीड आठवड्यात मोकळं करते, पण तिला बॉयलर, वीज आणि सतत भरणारा माल लागतो. लकडगंजच्या छोट्या चिराईवाल्याकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे लिलावात गुंतलेले पैसे असतात आणि ग्राहक दारात उभा असतो. म्हणून तो ओलंच विकतो, आणि भेगांचं खापर सुतारावर फुटतं. महिन्याला शंभर घनफुटांची सौर भट्टी त्याचा सगळा माल वाळवू शकत नाही. दारांची पॅनेलं, पाट आणि फर्निचरची फळी, म्हणजे ज्यात भेग पडली तर परत येते, तेवढा माल ती वाळवू शकते. चौकटीच्या जाड सागाला मोकळ्या, छताखालच्या शेडमध्ये काही महिने ठेवून शेवटचे टक्के भट्टीत काढले, तर जागाही मोकळी राहते. दोन-चार चिराईवाल्यांनी मिळून एक भट्टी चालवणं मला सगळ्यात व्यवहार्य वाटतं, फक्त जाती आणि जाड्या एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत.

भट्टीतून काढलेली फळी जुलैत उघड्या शेडमध्ये टाकली तर ती पुन्हा ओल प्यायला लागते आणि महिनाभराची मेहनत काही आठवड्यांत जाते. ती आता पट्ट्यांशिवाय, फळीला फळी भिडवून रचायची, खाली फरशीपासून वीतभर उंच, वर आणि चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिक. सुताराकडे गेल्यावरही ती ज्या खोलीत काम व्हायचं तिथे चार-आठ दिवस राहू द्यायची, मगच रंधा मारायचा.